शिखर बुटकं होतं

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून सोमवारीच मी रेघ काढते.
लेथ थांबलेल्या, भट्ट्या गार,
तारेतली थरथर जरा कमी असते.
एरवी तिकडं कुणी वेल्डिंग पेटवलं
की इकडं माझ्या आलेखाला हीव भरतं.

आधी नायट्रोजन. दहा मिनिटं बुडबुडे,
पाण्यातला प्राणवायू पार निघून जाईपर्यंत.
मग केशनळीच्या टोकाला पाऱ्याचा थेंब,
मोहरीएवढासुद्धा नाही,
त्यात सगळी प्रयोगशाळा वाकून मावते:
खिडकी, मी, आणि झाडू टेकून उभे नदाफमामा.
"आज तरी गावतंय काय, बाई?"

गावतं, मामा. कॅडमियम गावतं.
उणे एक व्होल्टवर दोन मिनिटं
ते थेंबात साठू द्यायचं,
मग हळूहळू वर यायचं.
उणे शून्य दशांश सहाच्या आसपास
रेघ उठते, टोक काढते, बसते.
एवढंच त्याचं हजर म्हणणं.

आता पॉलिॲक्रिलिक आम्ल.
दिसायला पाणीच, बोटाला थोडं बुळबुळीत.
आंबटपणात ही साखळी गुंडाळून पडलेली असते,
जागोजागी आपापला प्रोटॉन कवटाळून.
थोडा सोडा सोडला की प्रोटॉन उठून जातात,
मागं उरलेले ऋणभार एकमेकांना सोसत नाहीत,
साखळी ताणत जाते,
आणि त्या ताणात धातूला जागा होते.

शिखर बुटकं होतं.
आणखी दोन थेंब. आणखी बुटकं.
कॅडमियम कुठं गेलेलं नाही, त्याच भांड्यात आहे,
फक्त हाकेला ओ देत नाही.

आमच्या गावात पकड म्हटलं की माणसं लाल मातीकडं बघतात.
ही पकड तसली नव्हे. हिला शड्डू नाही, चीत होणं नाही.
सामू उतरला की सैल, चढला की घट्ट,
आणि दोन्हीमधल्या कुठल्याही क्षणी
काही सुटत असतं, काही धरलं जात असतं.

अण्णांनी चोवीस वर्षं बोल्ट पिवळे केले.
सायनाइडची टाकी, कॅडमियमचं पाणी,
वर क्रोमेटची सोनेरी झाक.
धुवणाचं पाणी मोरीतून नाल्यात, नाला नदीत.
यावर घरात कधी बोलणं निघालं नाही.
आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची, एवढंच.

गेल्या महिन्यात त्या शेडमागचं पाणी आणलं,
आम्लानं तीनदा धुतलेल्या बाटलीत.
गाळलं. रेघ काढली.
शिखर जवळजवळ नव्हतंच.
मला बरं वाटलं.
बरं वाटल्याची लाज वाटायला
कँटीनला जाऊन परत येण्याएवढा वेळ लागला.

मग नायट्रिक, आणि रात्रभर थांबणं.
सकाळी तेच पाणी, तेवढाच थेंब,
टोक पडद्याबाहेर गेलं.

तक्त्यात दोन रकाने पाडले: मोकळं. एकूण.
सर म्हणाले, प्रबंध पॉलिमरवर आहे ना, नाला कशाला मधे?
बरोबर आहे. माझी साखळी शुद्ध आहे,
कारखान्यात बनलेली, वजन लेबलावर छापलेलं.
नाल्यात कोण कुणाला धरून बसलंय
ते त्या गाळाला ठाऊक.

संध्याकाळी अण्णा अंगणात, खुर्चीत.
पेरांवर क्रोमेटचे जुने वण,
हातात अडकित्ता.
"काय निघालं?"
मी पहिल्या रकान्यातला आकडा सांगितला.
त्यांनी मान हलवली. सुपारीचं एक खांड
बराच वेळ कातरत राहिले.
"आणि धरून बसलेलं?"

ते मोजायचं तर आंबट घालावं लागतं, अण्णा.

"मग घाल की."